थोरल्या गुरुजींवरचा मुलामा

आठवा महिना, तारीख ३
पोचलो एकदाचा. बाराशे पायऱ्या मोजल्या आणि पुढे मोजणं सोडलं, गुडघेच कुरकुरायला लागले. पण देऊळ दिसलं आणि ओठावरच्या शिव्या गिळल्या. हजार वर्षांचे खांब, आणि ढग सरळ सभामंडपातून ये-जा करतात. लोकांचे कपडे उन्हात वाळतात, आमचं झाडाच्या चिकाचं रोगण मात्र ओल्या हवेत वाळतं. याहून झकास जागा शोधून मिळायची नाही.

तीस वर्षं फूचौ शहरात डबे आणि फुलदाण्या रोगणल्या. आता पहिल्यांदाच माणूस! इथले थोरले गुरुजी तिंगयुआन मांडी घालून बसल्या बसल्या गेले. रीतीप्रमाणे त्यांना तसंच मोठ्या रांजणात बसवून, भोवती कोळसा नि चुना भरून झाकण लिंपलं होतं. तीन वर्षांनी रांजण उघडायचा. देह नासला असेल तर दहन, टिकला असेल तर ते बोधिसत्त्व झाले, मग त्यावर रोगण, तागाचं कापड आणि शेवटी सोन्याचा वर्ख. मागच्या महिन्यात उघडला. टिकलाय. त्यांचे शिष्य ह्वेइचाओ आता इथले महंत आहेत. हे सांगताना त्यांना हसू आवरत नव्हतं. पुढच्या महिन्यात एकोणीसला करुणेची देवी क्वान्यिन हिचा उत्सव, तोवर मूर्ती हवी. चार जिल्ह्यांत निरोप गेलेत.

तारीख ५
गुरुजींना पाहिलं. एवढासा देह, कातडी सुकवलेल्या मुळ्यासारखी. चेहरा शांत. मला भीती वाटेल असं वाटलं होतं, पण हात शिवशिवायला लागले. असं काम आयुष्यात एकदाच मिळतं आणि बैठकीच्या मागे कारागिराचं नाव कोरतात.

स्वयंपाकघर रोंग मावशींकडे आहे. दोन्ही वेळा टोफू आणि बांबूचे कोंब. मी तोंड वाकडं केलं तर म्हणाल्या, "अहो कारागीर, तो म्हातारा तीन वर्षं उपाशी बसला, आणि तुम्हाला दोन दिवसांत रडू येतं?"

तारीख ९
पहिला हात दिला. कच्चं रोगण नवख्याच्या अंगावर फार उततं. नुसता माझा रोगणाचा वाडगा विसळला तर मावशींचं मनगट टरारून सुजलं. माझी कातडी निर्ढावलेली आहे. नाकपुड्यांवर आणि ओठांवर तागाच्या बारीक पट्ट्या बसवल्या. सगळ्यात नाजूक काम तेच. इतकं बेमालूम जमलं की स्वतःलाच शाबासकी दिली. डावा पंजा मांडीत उजव्याखाली आहे, तो मागाहून करीन. त्यावर थोडे थेंब ओघळलेत.

तारीख १३
पाठ वाळली, खांदे वाळले. छाती मात्र चिकटच. दारं लावली, ओली फडकी टांगली, तरी तशीच. मीठ किंवा तेल लागलं तर रोगण वाळत नाही, हे शिकाऊ पोरालाही ठाऊक असतं. पुसून काढलं. मग उगाचच बोट जिभेला लावलं. खारट लागलं. चुना असेल.

तारीख १६
आज डावा पंजा करायला घेतला. उजवा हात किंचित उचलून दिवा खाली धरला.

थेंब ओघळले होते तिथे पुरळ आहे. लाल, टपोरं, पाण्यानं भरलेलं. मावशींच्या मनगटावर होतं तसंच.

रोगण मेलेल्या कातडीवर उतत नाही. मी पाहिलंय, माझ्या वडिलांना जन्मभर रोगण उतायचं, पण शेवटची आंघोळ मी रोगणानं माखलेल्या हातांनी घातली होती. काही उठलं नव्हतं. जिवंत कातडीच सुजते.

किडा चावला असेल. इथे किडे फार.

(किडा मेलेल्याला चावला तरी पुरळ येईल का? झोप नाही.)

तारीख १७
काम केलं नाही. अंगणात फेऱ्या घातल्या, एका जागी बसवत नाही. मावशींनी विचारलं, पोट बिघडलं का. मी विचारलं, गुरुजी बसले तो दिवस कोणता? त्या म्हणाल्या, माकडाच्या वर्षाचा शेवटचा महिना, आठ तारीख, लापाच्या सणाची खीर मीच ढवळत होते. गुरुजी बजावून गेले होते की तीन वर्षं पुरी होऊ द्या, त्याआधी मला हात लावू नका.

माकडाचं वर्ष, मग कोंबड्याचं, आत्ता कुत्र्याचं चालू आहे. मी बोटांवर महिने मोजले. वीस झाले. छत्तीस नव्हे.

तारीख १८
महंतांना गाठलं. त्यांना माझं म्हणणं कळेचना. माणसाचं वय मोजतात तसंच मोजलं, म्हणाले. बसले ते एक वर्ष, नवीन वर्ष लागलं की दोन, पुढचं लागलं की तीन. वर्षाच्या शेवटच्या दिवशी जन्मलेलं पोर दुसऱ्या सकाळी दोन वर्षांचं होतंच ना? आजवर कुणी तक्रार केली का?

मी पुरळाचं सांगितलं. त्यांना परत रांजणात बसवू या, उरलेले सोळा महिने होऊ देत, म्हणालो. महंतांनी हातातली माळ खाली ठेवली. मग हळू आवाजात म्हणाले, "आणि तोवर नासले तर? त्यांना मी माझ्या हातानं जाळू? लहानपणापासून त्यांनी वाढवलंय मला."

मला त्यांची कीव आली. माझं नावही कोरायचं होतं, तेही खोटं का सांगू. मी कामाला लागलो. लाज वाटते.

नववा महिना, तारीख २
कापडाचा दुसरा थर. ओठांवरची पट्टी आत खचली होती. माझ्या हातचं काम असं खचत नाही. नवीन बसवली.

तारीख ४
पुन्हा खचलीय. खळगा पडलाय, अंगठा मावेल एवढा. कडेला सुरकुत्या, सगळ्या आतल्या बाजूला. खचली नाही, ओढली गेलीय. आतून.

तिसरा थर द्या, म्हणाले महंत. जाड द्या. माझ्याकडे पाहिलं नाही त्यांनी.

दिला. मी दिला.

तारीख ६
तिसराही.

जेवण जात नाही. मावशी म्हणाल्या निघून जा. पण हे तोंड मी बंद केलंय, दुसऱ्या कुणी नाही. ते आत आहेत. अर्धे गेलेत, अर्धे — आणि मी त्यांना डब्यासारखं लिंपतोय. उद्या कापणार. मग रांजण. महंतांना काय वाटायचं ते वाटो.

तारीख ७, सकाळ
सगळे प्रार्थनेला गेले. दाराला आतून अडसर घातला. बारीक सुरी. ओठांवर आडवा छेद दिला, तिन्ही थर. मी म्हणालो, गुरुजी, चूक झाली, क्षमा करा.

लगेच श्वास घेतला त्यांनी. स्पष्ट. मला रडू आलं, आनंदानं. जिवंत आहेत. वेळेत पोचलो.

त्याच दिवशी, दुपार
अजून आत घेताहेत. सोडलेला नाही. प्रार्थना संपली, जेवणाची घंटा झाली. तोच एक श्वास. उदबत्तीचा धूर त्यांच्याकडे आडवा झालाय. टांगलेली फडकीही.

बाहेर महंत दार ठोठावताहेत. उघडलं तर ते परत बंद करतील हे तोंड. उघडणार नाही.

मला जरा धाप लागलीय. छेद बोटांनी मिटू पाहिला, बोटं — मिटत नाही — थंड हवा सगळी तिकडेच

दिवा विझला. भर दुपार आहे, तरी डोळ्यांपुढे अंधार. दारापर्यंत चार पावलं. महंतांना हाक मारतो पण आवाज — तोंडातून निघतो आणि तिकडे — त्यांच्याकडे — माझा श्वास मला परत

सोडा गुरुजी आता तरी सोडा मी फक्त