साहेबाच्या हातून शिष्यवृत्ती

लेकीच्या आईस मनापासून नमस्कार.

मी बरा आहे, गुडघाही हल्ली फारसा कुरकुरत नाही. तू औषध वेळेवर घेतेस ना?

पोरगी म्हणते, "बाबांना हिणवणाऱ्या कंपनीची शिष्यवृत्ती नको." वेडी आहे. तिला सांग, घ्यायचीच. "तुमच्या लोकांना यंत्रं कळत नाहीत," म्हणत ज्या साहेबाने माझ्या हाती झाडू दिला, त्यालाच आता अल्पसंख्याक मुलांना इंजिनिअर करणारी ही शिष्यवृत्ती मंचावर वाटायची आहे. तिथे तिने एवढंच बोलावं, "माझे बाबा इथेच झाडू मारतात." मी खुर्च्यांमागे उभा राहून त्याचं तोंड बघेन.

रोज प्रार्थनेत त्याला क्षमा करायला बसतो, पण जमत नाही. आधी त्याला माझ्या लेकीसाठी टाळ्या वाजवू दे. मग देवाचं ऐकेन.

तुझाच,
पोरीचा बाप