पातेल्याचं झाकण आणि मारित्साची जागा

ट्यूसॉन, ३ एप्रिल

चि. आन्सेल्मो यास,
अ. उ. आ.

आमच्या घरावर कोसळलेल्या संकटाची तुला कल्पना नसावी. नाताळात नेलेलं तमाले उकडायचं पातेलं तू परत केलंस, आईच्या शिकवणीप्रमाणे रिकामं नाही, घेवड्याने भरून. पण झाकण तुझ्याकडे युमातच राहिलं. तीन महिने मी परात पालथी घालून वाफ कोंडते आहे आणि परात उडू नये म्हणून तुझ्या दाजींची हत्यारपेटी वर ठेवते.

असो. मारित्साचं कळलं. सिस्टरांच्या शाळेने नववीची जागा ठेवलीय, पण पंधरा तारखेच्या आत शिष्यवृत्ती आली नाही तर जागा दुसऱ्या मुलीला. मी खाजगी शाळांच्या शिष्यवृत्ती निधीला हजार डॉलर दिलेत आणि शिफारशीत तिचं नाव घातलंय. ओशाळू नकोस, तेवढाच माझा राज्याचा कर माफ होतो. मिरवायचं दानशूर म्हणून, खिसा सरकारचा! पोटच्या पोराचं नाव घालता येत नाही. आत्याला मोकळीक आहे.

लोभ असावा, झाकणासकट असावा.
तुझी,
सोकोरो

युमा, ८ एप्रिल

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू ओरडशील, म्हणून लिहितोय. मीही निधीला हजार दिले, तुझ्या तावोच्या नावाने, त्याचाही खाजगी शाळेत अर्ज आहे म्हणून. फॉर्मवर कारण विचारलं होतं. मी लिहिलं, ताईने माझ्या मुलीसाठी दिले, म्हणून मी तिच्या मुलासाठी. आमच्यात भांडं रिकामं परत करत नाहीत.

सोमवारी निधीच्या बाईंचा फोन आला. म्हणाल्या, सेन्योर, कायदा यालाच अदलाबदल म्हणतो आणि ती चालत नाही. दोन्ही देणग्या अडकल्यात. आपलं काही ठरलं नव्हतं गं, पण आता मीच लिहून बसलोय! तुझी भावजय लूपे म्हणाली, या माणसाला लिहायला शिकवणाऱ्या मास्तरांना शोधून काढा.

मारित्साला सांगितलेलं नाही. तिने गणवेशाचा स्कर्ट शिवायला टाकलाय. सात दिवस उरलेत, ताई.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.
तुझा,
आन्सेल्मो

ट्यूसॉन, ११ एप्रिल

चि. आन्सेल्मो यास,
अ. उ. आ.

तू गाढव आहेस. आता पुढचं वाच.

काल मी निधीच्या ऑफिसात गेले. तावोचा शाळेचा अर्ज मागे घेतल्याचा कागदच बाईंपुढे ठेवला आणि तुझे हजार कुणाच्याही नावाविना घ्या म्हटलं. मुलगाच रांगेत नाही, तर अदलाबदल कशाची? त्यांनी तीनदा वाचलं, आत जाऊन साहेबांना विचारलं, अर्धा तास मला भिंतीकडे बघत बसवलं, आणि शिक्का मारला. मारित्साची जागा पक्की. स्कर्ट शिवू दे.

तावो सरकारी शाळेतच जाईल. दोन दिवस तो धड जेवला नाही. आज विचारत होता, म्हणजे टाय नको ना? लूपेला यातलं काही सांगू नकोस. ती लगेच पातेलं भरायला घेईल.

आणखी एक. तुझी निळी सायकल चोरीला गेली, असं तू आईला सांगितलं होतंस. माझ्या परीक्षेची फी त्याच आठवड्यात भरली गेली. ती कुणी विकली, ते सायकलवाल्याने मला तेव्हाच सांगितलं होतं.

झाकण राहू दे तुझ्याकडे.

तुझी,
सोकोरो