चोवीस शब्द आणि गल्ल्यावरची खुर्ची

४ फेब्रुवारी
आज सकाळी दुकान उघडलं, हात जोडले आणि कार्ड घेणारं नवं यंत्र खोक्यातून काढून मोबाइलशी जोडलं. नवव्यांदा जुळलं. याला 'पेअरिंग' म्हणतात. पुस्तिकेत असे चोवीस शब्द आहेत. रोज दोन पाठ करणार. गावच्या शाळेतले पाढे अजून विसरलो नाही. शब्द पक्के होईपर्यंत यंत्र 'टेस्ट मोड'वर. म्हणजे नुसता सराव, पैसे हलत नाहीत.

हिचं म्हणणं, समोरचा घड्याळवाला कार्ड घेतो म्हणून आपलं गिऱ्हाईक तिकडे वळलंय. पंधरा तारखेपर्यंत जमवा, नाहीतर गल्ल्यावर मी बसते, तुम्ही मागे डोळ्याला भिंग लावून बसा.

एकवीस वर्षं या खुर्चीत बसून माणसं वाचली. ही खुर्ची सोडू? शक्यच नाही.

५ फेब्रुवारी
'मर्चंट' म्हणजे मी. 'टर्मिनल' म्हणजे ते. दोघांत मी वरचा.

६ फेब्रुवारी
डोकं जड. उद्या चार शब्द.

८ फेब्रुवारी
काल पाहुणे होते. आज 'ऑथोरायझेशन'. बँक मान डोलावते, एवढंच. 'सेटलमेंट' विसाव्या क्रमांकावर आहे. मधले सोडून पुढचं वाचणं माझ्या स्वभावात नाही.

९ फेब्रुवारी, दुपारी
शाळेतल्या बाई आल्या. घड्याळाचा पट्टा बदलून दिला. त्यांनी कार्ड टेकवलं, टुंग वाजलं, हिरवी खूण आली. म्हणाल्या, वा काका, तुम्ही तर एकदम हायटेक झालात! मी नम्रपणे मान खाली घातली. ही बघत होती, बरं झालं.

१२ फेब्रुवारी
आजवर अकरा गिऱ्हाइकं. अकराही वेळा हिरवी खूण. ही गप्प आहे. मनातून कौतुक करत असावी. आठ शब्द झाले, बाकीचे अंगवळणी पडतील.

१३ फेब्रुवारी
हिने विचारलं, बँकेचा एकही मेसेज कसा नाही हो? म्हणालो, त्याला सेटलमेंट म्हणतात, वेळ लागतो. हा शब्द अजून वाचलेला नाही, पण आवाजात दम होता.

१४ फेब्रुवारी, सकाळी
देवापुढे डोळे मिटले तरी हिरवी खूण दिसते. उठून विसावा शब्द वाचला. पैसे प्रत्यक्ष खात्यात येणे. मग पहिलं पान उघडलं. 'टेस्ट मोड'. शेजारी समासात माझ्याच अक्षरात: 'आठवणीने बंद करणे.'

रात्री
हिला सांगितलं. ती हसली नाही, ते जास्त लागलं. टेस्ट मोड तिने दोन मिनिटांत बंद केला. दुरुस्तीच्या पावत्यांवरचे नंबर काढून एकेकाला फोन लावला. नऊ जण येऊन पुन्हा कार्ड टेकवून गेले, दोघं उद्या येणार आहेत. शाळेतल्या बाई म्हणाल्या, मेसेज आला नव्हता खरा, पण म्हटलं काकांना माहीत असेल. मी प्रत्येकाला सेटलमेंट समजावून सांगायला लागलो. ही म्हणाली, अहो, आधी कार्ड तर टेकवू द्या त्यांना.

१५ फेब्रुवारी
पहाटे शांतपणे विचार केला. घड्याळाचं काम एकाग्रतेचं. मागच्या टेबलावर खिडकीचा उजेड चांगला येतो. शिवाय खुर्चीचा मोह वाईट. कुणी म्हटलं म्हणून नव्हे, स्वतःहून ठरवलं आणि लगेच अमलात आणलं. खुर्ची हिला दिली, मागे गेलो.

माझं भिंग, चिमटा आणि बसायची उशी तिथे आधीच मांडून ठेवलेली होती. चहाही. निवत आला होता.