दह्यावरची जर्मन बशी

३ सप्टेंबर, सकाळी सव्वासात
मानवजातीच्या अधःपाताची नोंद कुठून सुरू करावी, हा प्रश्न आज सुटला. आमच्या स्वयंपाकघरातून. दह्याच्या पातेल्यावर झाकण म्हणून एक बशी होती. पांढरीशुभ्र, निळी फुलं, काठाला सोनेरी रेघ. उलटी केली तर खाली मुकुटाचा शिक्का आणि इंग्रजीत ‘बव्हेरिया, वेस्ट जर्मनी’. सत्यशीला म्हणाली, बशी जागेवर ठेवा, दह्यात माशी पडंल.
संसाराला सत्तावीस वर्षं झाली. तिला माशी दिसते, मुकुट दिसत नाही.

३ सप्टेंबर, दुपारी
झडती घेतली. बशा सहा, कप पाच. एक कप तांदळाच्या डब्यात माप म्हणून. दूधदाणीत सुया-दोरे. आमचे आजोबा निजामाच्या सुभेदाराकडे पेशकार होते. सुभेदाराशिवाय अशी वस्तू घरात कोण आणून ठेवणार? प्रश्न मिटला.
संकल्प: सेट विकणे. त्या पैशात लेकीला, धनश्रीला, इथे केजमध्येच काहीतरी काढून देणे. तिची जर्मनी रद्द.

५ सप्टेंबर
धनश्री, आमची एकुलती एक. लातूरच्या दवाखान्यात नर्स आहे. तीन ऑक्टोबरला जर्मनीला चाललीय, तिथल्या दवाखान्यात. दोन वर्षं रात्रपाळी करून भाषा शिकली. मी फोनवर विचारलं, विभक्त्या किती? चार, म्हणाली. आपल्याकडे संबोधन धरून आठ. निम्म्यासाठी इतक्या लांब जायचं? ती हसली. वाद संपला की लोक हसतात.
सेटचं तिला सांगितलं नाही. रक्कम हातात आल्यावर सांगेन.

८ सप्टेंबर
मोबाइलवर जुनी भांडी ओळखणाऱ्यांचे व्हिडिओ पाहिले. अर्धा तास बोलतात आणि प्रमाणशास्त्राचा गंध नाही. मी शिस्तीने गेलो.
प्रत्यक्ष: टिचकी मारली तर घंटेसारखा नाद. दिव्यासमोर धरली तर पलीकडच्या बोटांची सावली दिसते. अस्सल.
अनुमान: मुकुट आहे, म्हणजे राजघराण्यासाठी केलेला माल.
शब्द, म्हणजे जाणत्याचं वचन: मी स्वतः.
नेटवर असाच सेट दोन लाखांना लावलाय. खाली कुणीतरी लिहिलंय की मागितलेली किंमत म्हणजे मिळालेली नव्हे. मत्सरी माणसं सगळीकडे असतात.
सोनेरी रेघ तीन ठिकाणी पुसली गेलीय. सत्यशीला राखेने घासते. बोलायला गेलो तर म्हणाली, मग तुमी घासा.

१० सप्टेंबर
छत्रपती संभाजीनगरच्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला फोन केला. शिक्क्याचे फोटो पाठवा म्हणाला, आणि वस्तू घरात कशी आली त्याचा काही पुरावा असेल तर तोही. आवाजावरून अडाणी वाटला.
सत्यशीला म्हणते, पितृपंधरवड्यात घरातलं काही विकायचं न्हाई. बरं झालं. तेवढ्यात पुरावा तयार होईल.

११ सप्टेंबर
पुरावा तयार केला. आपल्याकडे भांड्यावर नाव असतं, त्यापुढे कोर्टाचा कागद फिका. बशा घेऊन बंकटच्या भांड्यांच्या दुकानात गेलो. स्टीलच्या ताटा-तांब्यांवर नावं टाकण्यात त्याचा हात तालुक्यात पहिला.
बंकट म्हणाला, नाना, ही चिनी माती हाय. मशीन स्टीलची. कावून नाव टाकायलाव?
मी म्हटलं, तू अक्षर बघ, माती मी बघतो.
मजकूर माझा: ‘कै. गणपतराव पेशकार यांस सुभेदारसाहेबांकडून सप्रेम भेट, १९४५’. दर्शनी बाजूला, फुलांच्या मधोमध. तीन बशा सुरेख झाल्या. चौथी ‘सप्रेम’वर फुटली. बंकट म्हणाला, प्रेम जड झालं, नाना. ह्याला विनोद म्हणतात इथे.
फोटो पाठवले.

१७ सप्टेंबर
मुक्तिदिन. तहसीलसमोर झेंडावंदन, त्याची बातमी पेपरला पाठवली. निजामाचं राज्य कोणत्या साली संपलं ते शेजारच्या कारकुनाला सांगता येईना. त्याला एकोणीसशे अठ्ठेचाळीस हा आकडा तीन वेळा म्हणायला लावला. ज्या तालुक्याला स्वतःचा इतिहास ठाऊक नाही, त्याच्या बातम्या मी वीस वर्षं लिहितोय.

१७ सप्टेंबर, संध्याकाळी
धनश्री सुटी काढून आलीय. चहा पिताना तिला बशी दिसली. वरचा मजकूर वाचला, उलटी करून खालचा वाचला.
बाबा, निजाम कधी गेला?
अठ्ठेचाळीस.
आणि पश्चिम जर्मनी हा देश कधी झाला?
मी म्हटलं, मुकुट बघ. ती म्हणाली, मुकुट कारखान्याचा आहे बाबा, राजाचा नाही. देश झाला एकोणपन्नास साली. पंचेचाळीसमध्ये हे नाव कोण छापेल?
तेवढ्यात सत्यशीला चुलीपाशी म्हणाली, सासूबाईंनी बोहारणीकडून घेतलाय तो सेट. दोन जरीची लुगडी दिलती. मी नवी होते तवा त्यांनीच सांगितलंतं.
मग पंधरा दिवस बोलली का नाहीस?
तुमी इचारलं कुठं?

२२ सप्टेंबर
व्यापाऱ्याचं उत्तर. माल जर्मन आहे, पण साधा, घरोघरी वापरायचा. असे पुष्कळ येतात. रेघ गेलेली, एक कप कमी. कोरलेल्या बशांचं काही येणार नाही. बाकीच्या घरीच वापरा, चहा चांगला लागतो.
शेवटचं वाक्य आगाऊपणाचं आहे. कप तांदळात परत गेला.

२ ऑक्टोबर
दसरा. दुपारी बॅग भरणं. तेवीस किलोंची मर्यादा. धनश्रीने पापड बाहेर काढले, माझी सुभाषितांची वही राहू दिली आणि टॉवेलात गुंडाळून कोरलेली एक बशी आत घातली. मी म्हटलं, जर्मनीत बशी नेतेस? तिथे ढीग असतील. ती म्हणाली, तिथं नाव टाकून मिळत नाहीत.
सत्यशीला थंडीच्या काळजीत आहे. स्वेटर, मोजे, सुंठ. मला थंडीचं काही वाटत नाही. तिथे दवाखाना चांगला आहे, पगार वेळेवर आहे, तिचे कष्ट लोकांना दिसतील. तिला तिथे आवडेल. ती परत येणार नाही, याची मला भीती वाटते.