फुगेल तो पाव

४ नोव्हेंबर १९८६
मार्चपासून या वहीत एक ओळ नाही. माफी मागायची कोणाची, हा प्रश्नच आहे; तरी मागतो. आज लिहिण्यासारखे आहे. बाबा आजारातून उठले, पण पेजेपलीकडे काही घेत नाहीत. डॉक्टर म्हणाले, मागतील ते द्या. बाबांनी फ्रान्समधल्या मार्सेच्या बंदरातला आंबट पाव मागितला. तीस वर्षे बोटीवर होते, तेव्हा खाल्लेला. मी रसायनशास्त्र शिकवतो. मासिकातले कात्रण मिळवले. बरणीत कणीक-पाणी आंबवायचे, रोज अर्धे फेकून ताजी कणीक घालायची. दोन-तीन आठवड्यांत पाव.

९ नोव्हेंबर
बुडबुडे आले. पत्नीला, यशोदेला, बोलावून दाखवले. म्हणाली, आंबोळीच्या पिठाक रोज येतत. फरक समजावला. तिने ऐकून घेतले असे वाटत नाही. फेकायचे अर्धे तिच्याकडेच देतो.

११ नोव्हेंबर
स्वच्छतेत हयगय नको. आजपासून बरणी आणि चमचा स्पिरिटने पुसणार. शाळेच्या लॅबमधले स्पिरिट घरी आणणे योग्य का? शास्त्रासाठीच आहे. तरी मन खाते. म्हणून लहान बाटली आणली.

१५ नोव्हेंबर
बुडबुडे नाहीत. पीठ विश्रांती घेत असावे. स्पिरिट वाढवले.

१९ नोव्हेंबर, संध्याकाळी ७
शेजारच्या हौसाबाई वाटी घेऊन आल्या, आंबवलेले पीठ मागायला. म्हणजे गावात कळले. मी उठेपर्यंत यशोदा त्यांना म्हणाली, "दिवो लागलो गो, आता देवचा नाय. सकाळी ये." दिवेलागणीनंतर आंबट घराबाहेर देत नाहीत म्हणे. मास्तरच्या घरात हे! तिला पाऊण तास समजावले. तिने तेवढ्यात तांदूळ निवडले.

२३ नोव्हेंबर
पाव भाजला. पातेल्यात देवबागच्या किनाऱ्यावरची वाळू तापवून वर डबा ठेवला. दोन तास. बाबांनी पाव ताटावर वाजवून पाहिला. "ह्यो पाव न्हय रे, नांगर. बाबलीच्या होडयेक बांध." विनोद करतात, म्हणजे प्रकृती सुधारते आहे.
पण पेजही अर्धी ठेवली. सदरा खांद्यावरून उतरतो आहे. हे लिहायचे नव्हते.

२८ नोव्हेंबर
दुसरा पाव. पहिल्यापेक्षा जड. एवढा खटाटोप करण्यात अर्थ आहे का? स्वतःला प्रामाणिकपणे विचारले. दोष कणकेचा आहे. गिरणी बदलावी.

२ डिसेंबर
शाळेतून आलो तर बाबा ओटीवर ताट घेऊन बसलेले. चौथी आंबोळी. यशोदेला सांगत होते, "हीच ती चव गो. मार्साक अशीच आंबट."
पीठ कुठले, मी विचारले.
"तुमचाच," यशोदा म्हणाली. "पयल्या आठवड्यात फेकूक दिलास ता. माज्याच्यान फेकवला नाय. मडक्यात ठेवलंय, रोज मूठभर कणीक घालतंय. आज तांदळाचा पीठ घालून आंबोळ्यो केलंय."
हौसाबाई मागत होत्या ते हे. मग माझ्या बरणीत काय आहे, असे बाबांनी विचारल्यावर स्पिरिटचे सांगावे लागले. बाबा म्हणाले, "मास्तरान पिठाक औषध घालून मारल्यान." हसताना ठसका लागला. मग पाचवी आंबोळी मागितली.

म्हणजे पीठ मुळात माझेच. असे म्हणणे सचोटीला धरून होईल का? अर्धे होईल.
बरणी धुतली, साध्या पाण्याने. यशोदेकडे चमचाभर पीठ मागितले. म्हणाली, दिवो लागलो. मी म्हटले, घरातल्या घरात चालते. म्हणाली, तुमच्या बरणीत गेला म्हणजे घराबाहेरच.

उद्या: सकाळी वाटी घेऊन स्वयंपाकघरात जाणे.