हरित समिती: अध्यक्ष मी

२ फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळ
आज आयुष्याला कलाटणी. हेड ऑफिसचं पत्र आलं आहे. महिनाअखेर प्रत्येक शाखेची पर्यावरण तपासणी होणार. वीज, कागद, कचरा, तिन्ही मोजणार. मोठ्या साहेबांनी मीटिंगमध्ये विचारलं की हरित समितीचं अध्यक्षपद कोण घेतंय. सगळ्यांनी एकदम माना खाली घातल्या. मी तेव्हा टेबलाखाली पडलेलं पेन शोधत होतो. वर आलो तर साहेब माझ्याकडेच बघत होते. म्हणाले, तुम्हीच घ्या.
साहेबांना माणसाची पारख आहे. एप्रिलमध्ये उपव्यवस्थापकाची खुर्ची रिकामी होतेय, हा योगायोग नाही.
बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आधी गिझर बंद करा, सकाळपासून चालू आहे. मोठं चित्र दिसायला नजर लागते.

३ फेब्रुवारी, मंगळवार
जनजागृती. 'कागद वाचवा' अशी साठ रंगीत पोस्टरं छापून घेतली. चारच्या सुमारास हेडक्लार्क एका पोस्टरसमोर दहा मिनिटं उभा होता. (हा खुर्चीत इतका निश्चल बसतो की त्याला सगळे ध्यानस्थ म्हणतात.) मला वाटलं, भारावला. तो म्हणाला, यावर 'कागद वाचावा' असं लिहिलंय, म्हणून वाचतोय.
काना कुठून घुसला कोण जाणे. साठ पोस्टरं पुन्हा छापली.

५ फेब्रुवारी, गुरुवार
आज क्रांती. सदतीस टेबलांखालचे सदतीस कचऱ्याचे डबे जप्त. त्याऐवजी कॉरिडॉरच्या टोकाला एकच मोठा डबा. उठावं लागणार म्हटल्यावर माणूस कचराच करणार नाही, असं हे मानसशास्त्र.
सफाईवाल्या मावशी म्हणाल्या की साहेब, टेबलाखालच्या डब्यात फक्त कागद असतो, तो कोरडा निघतो. एकाच डब्यात टाकलं की सगळं कालवलं जाईल. मी त्यांना सेंट्रलायझेशन समजावून सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, पाय उचला, पुसायचंय.

९ फेब्रुवारी, सोमवार
मुंग्या.
लोक केळ्याची सालं ड्रॉवरमध्ये कोंबतायत. ऑडिटच्या फाइलमधून मुंग्यांची रांग निघाली, ती थेट मोठ्या साहेबांच्या चष्म्याच्या घरापर्यंत. पेस्ट कंट्रोलवाले आले. अर्धा दिवस ऑफिस बंद. वास जावा म्हणून सगळे एसी फुल्ल, खिडक्या सताड उघड्या. हा खर्च मुंग्यांच्या खाती धरायचा, समितीच्या नव्हे.

११ फेब्रुवारी, बुधवार
विज्ञानाकडे वळलो. सेन्सरचे दिवे बसवले. हालचाल असेल तर चालू, नसेल तर आपोआप बंद. साडेअकराला ध्यानस्थच्या डोक्यावरचा दिवा विझला. तो तसाच अंधारात बसून राहिला. सगळे हसले. कोण काम करतं आणि कोण नाही, हे आता यंत्रच सांगणार!

११ फेब्रुवारी, पाच वाजता
दुपारी दोन चाळीसला माझ्या केबिनमधला दिवा विझला. मावशी दार उघडून आत आल्या तेव्हा लागला. त्यांनी विचारलं, झोप लागली का साहेब? मी चिंतन करत होतो. चिंतनात माणूस हलत नाही. दिवा बसवणाऱ्या इलेक्ट्रिशियनला फोन करून सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. तो म्हणाला, सेन्सर ठीक आहे.
उपाय केला. केबिनमध्ये मान फिरवणारा टेबल फॅन ठेवला आणि त्याला लाल रिबिन बांधली. आता दिवा विझत नाही. चिंतन निर्वेध.

१६ फेब्रुवारी, सोमवार
लिफ्ट बंद, जिना चालू! सदतीस जणांकडून लेखी प्रतिज्ञा घेतल्या. छापील, दोन प्रतींत. चौथ्या मजल्यावर सर्वांत आधी मी पोहोचलो. आता लिहिताना जरा धाप आहे, पण ती समाधानाची.

१८ फेब्रुवारी, बुधवार
गुडघा. बायको म्हणाली, वजन कमी करा. हिला प्रतिज्ञेचं गांभीर्य नाही.
उद्यापासून अध्यक्षांनी इतरांच्या आधी येऊन लिफ्टची देखरेख करावी, असं ठरवलं आहे. देखरेख आतून जास्त चांगली होते.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
हे लिहायचं नव्हतं. पण ही वही कुणी वाचणार नाही.
आज अकरा ते बारा 'वीजमुक्त तास' जाहीर केला होता. इलेक्ट्रिशियनला कालच बजावलं होतं की बरोब्बर अकराला मेन स्विच खाली ओढायचा आणि बारापर्यंत हात लावायचा नाही. कुणीही विनवण्या करो. मी स्वतः म्हणालो तरी ऐकायचं नाही.
बँकेत जाऊन आलो. परतायला दहा अठ्ठावन्न झाले. जिन्याने वेळेत पोहोचणं अशक्य होतं, म्हणून केवळ कर्तव्य म्हणून लिफ्टमध्ये शिरलो.
दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मधे अंधार.
मी आवाज दिला. दार बडवलं. वर सगळा स्टाफ जमला. कुणीतरी विचारलं, साहेब, प्रतिज्ञा? मी म्हटलं, तपासणी चालू आहे. मग इलेक्ट्रिशियनला सांगा म्हणून ओरडलो. निरोप गेला. उत्तर आलं, साहेबांचा हुकूम आहे, साहेबांनी स्वतः म्हटलं तरी चालू करायचं नाही. इतका आज्ञाधारक माणूस मी नोकरीत पहिल्यांदा पाहिला. नव्हे, ऐकला.
हळूहळू सगळे पांगले. फक्त मावशी थांबल्या. दाराजवळच्या पायरीवर बसल्या असाव्यात. म्हणाल्या, साहेब, ओरडू नका, घसा बसेल. खाली बसा. मी बसलो. त्यांनी विचारलं, घरी कोण कोण असतं, मुलगी काय शिकते, गुडघ्याला काय लावता. मग स्वतःचं सांगू लागल्या. गच्चीवरची पिंपं, ओला कचरा, त्याचं खत, रद्दीचे गठ्ठे, अकरा वर्षं, असं काहीतरी. मी तपासणीच्या दिवशी करायचं भाषण मनात जुळवत होतो, त्यामुळे नीट लक्ष नव्हतं. पण आवाज थांबला की भीती वाटायची. म्हणून अधूनमधून, हो का, म्हणत राहिलो.
बारा वाजता दिवे आले. तासाभरात किती युनिट वाचली ते काढायला हवं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार
तपासणी.
हेड ऑफिसच्या तपासनीस बाई आल्या. कापडी पिशवी, कमी बोलणं. भाषणाच्या दुसऱ्याच वाक्याला त्यांनी हात वर केला आणि मीटरची नोंदवही मागितली. वीज अठरा टक्क्यांनी वाढलेली. कागद जवळजवळ दुप्पट. मी म्हटलं, जनजागृतीचा कागद वेगळा धरावा. त्यांनी वेगळा धरला नाही.
केबिनमध्ये त्या फॅनकडे बराच वेळ बघत राहिल्या. फॅनही त्यांच्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत होता. त्यांनी विचारलं, ही रिबिन कशासाठी? मी म्हटलं, वातावरणनिर्मिती.
मग त्यांना एक आकडा जुळेना. इतक्या माणसांच्या ऑफिसमधून कचरागाडीत इतका कमी कचरा जातोच कसा? मी तोंड उघडणार एवढ्यात मावशी दारातून म्हणाल्या, वर या, दाखवते. दोघी गच्चीवर गेल्या. मला खाली थांबायला सांगितलं. तासाने उतरल्या तेव्हा बाईंच्या मुठीत काळी माती होती आणि त्या सारखा तिचा वास घेत होत्या. बाईंनी मला विचारलं की एकाच डब्यात सगळं कालवायचा निर्णय कुणाचा? या मावशी रोज ऑफिस सुटल्यावर दीड तास थांबून ते हाताने वेगळं करतायत.
मी म्हटलं, समितीचा.
समितीत मी एकटाच आहे, हे त्यांना ठाऊक नसावं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार
निकाल! सर्व शाखांत आपली दुसरी. मोठ्या साहेबांनी बोलावलं. मी टाय सारखा केला. साहेब म्हणाले की कचऱ्याच्या गुणांनी आपल्याला तारलं. एक तारखेपासून मावशी हरित प्रमुख. पगारवाढ, गच्चीवर नळ, आणि हाताखाली एक सहाय्यक.
मी विचारलं, सहाय्यक कोण? साहेब माझ्याकडेच बघत राहिले. या वेळी टेबलाखाली शोधायला पेनही नव्हतं.
धीर करून उपव्यवस्थापकपदाचं विचारलं. साहेबांना आश्चर्य वाटलं. ते तर जानेवारीतच ठरलंय, म्हणाले. ध्यानस्थ.
घरी सांगितलं. वाटलं, बायको हसेल. ती हसली नाही. गुडघ्याला तेल लावून दिलं. ते जास्त लागलं.

२ मार्च, सोमवार
सहाय्यकाचा पहिला दिवस. मावशींचा पहिला हुकूम: महिनाभर तुम्ही नवीन काही काढायचं नाही. दुसरा हुकूम: ही बादली वर न्या.
ओल्या कचऱ्याची बादली जड असते. तळमजल्यावरच्या कँटीनपासून चार मजले, वर गच्चीचा जिना. प्रत्येक वळणावर टेकलो. कडीने बोटांवर वळ उठले. मावशी पुढे चालत होत्या, मागे वळून बघत नव्हत्या, पण मी थांबलो की थांबत होत्या.
वर पोहोचल्यावर मी विचारलं की अकरा वर्षं हे असं जिन्याने?
त्या म्हणाल्या, छे हो, आधी लिफ्टनेच नेत होते. दोन वर्षांपासून जिना. परिपत्रक निघालं ना. त्यांनी कमरेच्या पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढला. जिन्यात बादली बघून वॉचमन अडवतो, म्हणून दाखवायला सोबत ठेवतात. 'ओला कचरा लिफ्टमधून नेण्यास सक्त मनाई.' खाली सही.
माझी.
आठवायचा प्रयत्न केला. आठवत नाही. कुणीतरी वासाची तक्रार केली असेल, मी टाइप करून टाकलं असेल. दोन मिनिटांचं काम.
मी म्हटलं, रद्द समजा. त्या म्हणाल्या, तोंडी नको, लेखी द्या. मी उठलो, म्हटलं, खाली जाऊन छापून आणतो. त्यांनी तोच कागद उलटा करून पुढे केला. पाठकोरा आहे, म्हणाल्या, याच्यावरच लिहा.
पिंपाच्या झाकणावर ठेवून लिहिलं. सही केली. तारीख घातली. त्यांनी बोट ठेवून सगळं वाचलं, घडी घातली, पिशवीत ठेवली.
मग म्हणाल्या, दुसरी बादली खाली आहे. लिफ्टने आणा.