जुनं पुढे, नवं मागे

मंगळवार, १४ मार्च

चि. ठमे,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र शनिवारी पोचलं. बाळाला दोन दात आले आणि पहिला चावा जावईबापूंनाच बसला, हे वाचून खूप हसले. चावरा निघाला म्हणजे आजीवर गेला. माझं बरं आहे. गुडघे कुरकुर करतात, पण या घरात मी आजवर कुणाची कुरकुर ऐकली आहे?

चार दिवस वीज नाही, नळ कोरडे, जावईबापू कामावर लांब, आणि बाळाच्या दुधाची पावडर डब्याच्या तळाला. हे वाचताना मात्र हसू आलं नाही. 'आई, मला तुझ्यासारखी साठवण करायची आहे. पंचवीसला तुला न्यायला येते. तूच येऊन लावून दे आणि आता कायमची आमच्याकडे राहा,' असं लिहिलं आहेस. आधी साठवणीचं लिहिते. राहण्याचं मागून बघू.

एकदम बाजार उचलून आणू नकोस. दर आठवड्याला लागतं त्याहून एखादा किलो जास्त, बस. रोज जे खाता तेच साठव. संकट आलं म्हणून माणसाची जीभ बदलत नाही. धान्य कडकडीत वाळवायचं, गार झालं की कापडी पिशवीत, पिशवी पत्र्याच्या डब्यात. डबे फळीवर, भिंतीपासून चार बोटं लांब, म्हणजे ओल धरत नाही आणि उंदराला मागे संसार थाटता येत नाही. प्रत्येक डब्यावर तारीख. आणि इस्पितळाचं भांडार सांभाळतानाचा माझा पहिला नियम, जुनं पुढे, नवं मागे. नवं आणलं की आधी जुनं ओढून पुढे घ्यायचं. आळस केलास की मागचं मागेच कुजतं आणि अख्ख्या फळीला कीड लागते.

पाणी झाकणाच्या पिंपात, पंधरा दिवसांनी बदल, जुनं फरशीला. टॉर्चमधले सेल काढून वेगळे ठेव. पावडरचे दोन डबे कायम जास्तीचे. आणि हे मोठ्या अक्षरात लिहून दाराच्या मागे लाव: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. उलट्या-जुलाब झाले की घोट घोट पाजायचं. एवढ्याने माणूस वाचतो. इस्पितळात हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

तुला वाटेल, आई भारीच घाबरट. तर ऐक. तहान लागल्यावर विहीर खणणारे लोक मी त्या भांडारात एकतीस वर्षं पाहिले. एकदा सलाइन संपलं म्हणून एका पेशंटच्या नातेवाइकांनी आमच्या कंपाउंडरला खिडकीतून ओढून बाहेर काढलं आणि तुडवलं. त्याचे तीन दात मी झाडूने गोळा केले. तो शिकलेला, हसतमुख माणूस होता, आणि मारणारेही शिकलेले होते. त्याच वर्षी तुझे वडील गेले. तेराव्या दिवशी घरात पीठ नव्हतं. मी वाडगा घेऊन शेजारचं दार वाजवलं. दार उघडलं, वाडगा दिसला, आणि दार माझ्या नाकावर आपटलं. नाकातून रक्त आलं ते वाडग्यात पडलं. त्या दिवसापासून मी साठवायला लागले.

आणखी एक सांगून टाकते. तुझ्या भुवईवरची खूण पायरीवर पडून झालेली नाही. तू चार वर्षांची होतीस. न विचारता साठवणीतला बिस्किटांचा डबा उघडलास. मी मापटं फेकून मारलं. डॉक्टरांना पायरी सांगितली आणि मग तुलाही पायरीच सांगत राहिले. तू इतकी लहान होतीस की तुला ती पायरी आठवायलाही लागली.

पिशव्या शिवायला टाकल्या आहेत, चाळीस. कुणाकडे ते उद्या लिहिते. आता डोळे दुखतात.

बुधवार

डोळे दुखत नव्हते. खोटं लिहिलं.

तुझ्या पत्रात शेवटी आहे ना, बाळ मोठा झाला की त्याला गोष्ट सांगणार, आजी दारात एकटी दहाजणांना भिडली आणि तुला वाचवलं. ते वाचल्यापासून जेवण जात नाही.

पूल वाहून गेला तेव्हाचे नऊ दिवस तुला आठवतात तेवढे सांगते आणि मग आठवत नाहीत ते. तू सोळा वर्षांची, तापाने फणफणलेली, आतल्या खोलीत. बाहेरून काही येत नव्हतं. आपल्याकडे चार महिन्यांचं होतं. तरी मी रोज रिकामी पिशवी घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानाच्या रांगेत उभी राहायची. झाकली मूठ सव्वा लाखाची. रांगेत दिसले नाही तर लोक म्हणतील, ही खाते तरी काय?

चौथ्या दिवशी दुकानदार शटर ओढायला लागला आणि लोकांनी त्याला त्याच्याच तराजूच्या दांडीने मारलं. त्याचा कान फाटून लोंबत होता आणि त्याच्या अंगावर पाय देऊन माणसं आत शिरत होती. मीही दिला. माझ्यापुढे आपल्या खालच्या मजल्यावरच्या घंटावाल्या बाई होत्या, शाळेत घंटा द्यायच्या त्या. त्यांच्या हाताला पिठाची पिशवी लागली. मी ओढली. त्या सोडेनात. मी कोपर हाणलं त्यांच्या तोंडावर. दात तुटला तो मला हाडात कळला. घरी आल्यावर ते पीठ मी फळीवर सगळ्यात मागे ठेवलं, तारीख घालून. आपल्याला ते नको होतं, ठमे.

सहाव्या दिवशी शिंपी आला. तळमजल्यावरचा, आपल्या पिशव्या शिवणारा. चाळीस पिशव्या त्यानेच शिवलेल्या, त्यामुळे आपल्याकडे किती आहे हे बाहेरच्या जगात त्या एकालाच ठाऊक, असा माझा पक्का समज. शिवायला टाकतानाच मी त्याला दम दिला होता, कुठे बोललास तर बघ.

दार हातभर उघडलं तर त्याने रिकामी स्टीलची बाटली आत धरली. म्हणाला, "मावशी, बायकोला कालपासून उलट्या-जुलाब आहेत. डोळे फिरवतेय. एक बाटली चांगलं पाणी, मूठभर साखर, चिमूटभर मीठ. कुणाला कळणार नाही. इतकी वर्षं सांगितलं का मी कुणाला?"

मला त्यात धमकी ऐकू आली. आज हा, उद्या जिनाभर माणसं, आणि मग तराजूची दांडी. मी दार त्याच्या हातावर लोटलं. हाड वाजलं, बाटली आत पडली. तो ओरडला, "मावशी, मी आहे! अहो, मी!" मी अंगाने दार दाबून धरलं आणि अडसर उचलला, तो मुद्दाम करून घेतलेला लोखंडी. चौकटीत त्याची बोटं अडकली होती, टोकांना सुईने घट्टे पडलेली. मी मारलं. पुन्हा मारलं. तिसऱ्यांदा मारलं तेव्हा तो ओरडायचाही थांबला होता. पहिला फटका भीतीचा होता असं म्हणता येईल. पुढचे दोन रागाचे होते, आणि मारताना मला बरं वाटलं. हे वाक्य लिहायला आठ वर्षं लागली.

दार सैल केलं तेव्हा तो हात छातीशी धरून खाली गेला. पायऱ्यांवर रक्त होतं. मी ते पुसलं नाही. बाहेर जाऊन फक्त जिन्याची लाकडी खिडकी ओढून घेतली आणि तिला खिळा ठोकला. बाटली धुतली आणि आपल्या पाण्याच्या बाटल्यांत ठेवून दिली. मग तुला उठवलं. सांगितलं, दहाजण आले होते, जिन्यात अंधार, एकाच्या हातात सुरा होता. तू थरथरत दारापर्यंत आलीस आणि जिना बघितलास. काळोखच होता.

तात्पुरता पूल झाल्यावर फौजदार आला. तुला विचारलं. तू डोळ्यांनी पाहिलं तेच सांगितलंस, जिन्यात अंधार होता. तुझं खरं मी आधीच खोटं करून ठेवलं होतं. अंधारात माणूस ओळखू आला नाही, यावर माझी सुटका झाली. शिंप्याला ते चार दिवस डॉक्टर मिळाला नाही. उजव्या हाताची तीन बोटं सडली, मग कापली. बायको वाचली. घंटावाल्या बाईंनी फुटक्या तोंडाने पाणी उकळलं आणि घरातली शेवटची साखर घालून तिला पाजलं.

सोमवारी तुझ्या पिशव्यांसाठी मी शिंपी आणि त्याच्या बायकोकडे गेले. आता दोन गल्ल्या पलीकडे राहतात. मशीन ती चालवते, तो डाव्या हाताने कापडावर खुणा करतो. दुसरा शिंपी नव्हता असं नाही. का गेले, मला नीट सांगता येत नाही. बाटली बरोबर घेतली होती.

तिने विचारलं, "चाळीसच ना, मावशी?"

"तुला काय माहीत चाळीस?"

ती हसली. "अहो, अख्ख्या इमारतीला माहीत होतं. दर तीन महिन्यांनी तुम्ही गच्चीवर चादरी पसरून धान्य वाळत घालायचात आणि कामावर जायचात. पाखरं मीच तर हाकलायचे. पाऊस भरून आला की घंटावाल्या बाई चादरी आत ओढायच्या."

मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात ना, तशी मी. उघड्या आभाळाखाली मणभर धान्य पसरून वर झाकली मूठ म्हणून मिरवत होते.

मी विचारलं, "मग पाच दिवस कुणी दार का नाही वाजवलं?"

ती म्हणाली, "तुमच्या घरात आजारी पोर होती ना. सगळे म्हणायचे, राहू दे, तिला लागेल."

तिने पाणी दिलं. प्यायले.

मग मी त्याला विचारलं, "चौकीत तूही अंधार होता म्हणालास. का?"

त्याने खडू ठेवला. "पोरीला तुमच्याशिवाय कोण होतं?" मग कापडाची घडी सरळ करत म्हणाला, "पण हा चांगुलपणा समजू नका. तुरुंगात गेला असतात तर फेडून मोकळ्या झाला असतात. तेवढं सोपं मला करायचं नव्हतं." आणि लगेच, "दुहेरी शिवण घालू ना?"

बाटली पुढे केली. त्याने घेतली नाही.

ठमे, मी खूप रडले असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला राग आला. त्याचा, तिचा, त्या सगळ्या भल्या माणसांचा, ज्यांनी माझी पाखरं हाकलली आणि मला कधी कळू दिलं नाही. घरी येऊन अडसर भिंतीवर आपटला, गिलावा पडेपर्यंत. मग दमले, आणि तेव्हा कळलं की राग करायला आता माझ्याखेरीज कुणीच उरलेलं नाही.

उद्या सकाळी चौकीत जाऊन सगळं लिहून देणार आहे. फौजदार नवा असेल. हसेल, हाकलेल, नाहीतर आत बसवेल. तुलाही विचारायला येतील. तू पाहिलं तेच सांग, आणि खिडकीला खिळा आईने ठोकला हेही सांग. मला वाचवायला जाऊ नकोस. एकदा वाचवलंस, तेच फार झालं.

म्हणून पंचवीसचं आता तू ठरव. मला तुझ्याकडे यायचं आहे. बाळाला मांडीवर घ्यायचं आहे, इतकं की हात दुखतात. पण हे हात कसले आहेत ते तुला माहीत असूनही दार उघडशील तरच. नाही उघडलंस तर मी वाजवत बसणार नाही. दार मिटलं की कसं असतं, मला दोन्ही बाजूंनी माहीत आहे.

पिशव्या शनिवारी पार्सलने निघतील. त्यांच्यात ती बाटली असेल, जरा चेपलेली. ती साठवणीत ठेवू नकोस, दाराजवळ ठेव, रोज ताजं पाणी भरून. शेजारी साखरेची आणि मिठाची बरणी. कुणी मागायला आलं तर आधी हातात दे, काय विचारायचं ते मग विचार. आणि दाराला कडी पुरे. अडसर करून घेऊ नकोस.

बाळाला ती दहाजणांची गोष्ट सांगू नकोस. सांगायचीच तर ही सांग, की एकच माणूस आला होता, हातात बाटली होती. दुपारचे बारा वाजले होते, जिन्याची खिडकी उघडी होती, ऊन थेट त्याच्या तोंडावर पडलं होतं, आणि मला तो स्पष्ट दिसत होता.

तुझी,
आई